धाकूने ठेवलेला दगड

माझं डाव्या पायाचं जोडवं धाकूच्या शेळीच्या गळ्यात होतं. सव्वीस साल. लग्न होऊन वाडीत येऊन मला महिनाही झाला नव्हता. बायकांबरोबर समुद्राकाठच्या खडपात कालवं काढायला गेले, तिथे जोडवं निसटलं, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाताना बघते तर एक काळी शेळी माझं चांदीचं जोडवं दोऱ्यात ओवून मिरवते आहे आणि वर आमचंच कुंपण खाते आहे. मी शेळीचं शिंग धरलं. तेवढ्यात एक दांडगा बाप्या धावत आला आणि मला हात न लावता नुसता मध्ये उभा राहिला.

"वैनी, भरती होऊन गेली," तो म्हणाला.

"भरतीचं काय मला सांगता? जोडवं माझं आहे."

"होता. आता शेळीचा हाय. गावला तेचा, रडला तेचा नाय."

माझ्या माहेरी असलं काहीतरी पोरं गोट्या खेळताना म्हणायची. एकाची गोटी हरवली, दुसऱ्याला गावली, की पहिला भोकाड पसरायचा आणि दुसरा हे ओरडत पळायचा. पण पंचविशी ओलांडलेला, मिशा फुटलेला माणूस ते देवाची शपथ घेतल्यासारखं म्हणतो, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. "धाकूला गावला ना? मग गेला. दुसरा करून घे," म्हणाल्या.

आमची वाडी मिरकरवाड्याच्या पलीकडची, तरीने खाडी उतरली की लागते ती. समुद्राने काठावर काही आणून टाकलं, ओंडका म्हणा, नारळ म्हणा, एखाद्या गलबताची फळी म्हणा, तर ते वर ओढून शेजारी एक दगड ठेवायचा आणि एक भरती वाट बघायची. भरती चढून उतरेपर्यंत मालक आला तर त्याचं, नाही आला तर दगड ठेवणाऱ्याचं. वाडवडलांपासूनची ही रीत, आणि तिच्यात खोट काढायला जागा नाही. पण इतरांनी ती काठावर ठेवली होती. धाकूने ती उचलून साऱ्या वाडीत आणली.

आप्पा गावकरांची छत्री देवळाच्या पायरीवर राहिली. धाकूने शेजारी दगड ठेवला, भरती गेली, छत्री धाकूची. सगुणाची तलंग कोंबडी चरत चरत त्याच्या अंगणात शिरली आणि माडाच्या बुंध्याशी जाऊन बसली. धाकूने तिच्याशेजारी दगड ठेवला. कोंबडी बिचारी अंडं घालायला बसलेली, ती कशाला उठते? भरती गेली, कोंबडी धाकूची, अंडंही धाकूचंच. त्याच्या झोपडीला एका फुटलेल्या आगबोटीचं दार होतं, पितळी कडीचं आणि वर गोल भिंगाचं. बाहेर कोण आलं ते उघडण्याआधी दिसावं म्हणून ते भिंग. पण दार बसवताना त्याने ते उलटं बसवलं होतं, त्यामुळे बाहेरच्यालाच आतलं सगळं दिसायचं.

एकदा तर त्याने माणसालाच दगड लावला. रामा भंडारी माडी पिऊन काठावर आडवा झाला होता. धाकूने त्याच्या उशाशी दगड ठेवला आणि शेजारी उकिडवा बसून राहिला. पाणी रामाच्या टाचांना लागायला आलं, तेव्हा रामाची बायको शिव्या देत पोचली. धाकू तत्काळ उठला. "मालकीण आली," म्हणाला आणि दगड उचलून बाजूला टाकला. रामाची बायको पुढे सांगायची, मेल्याचं तोंड बघायला हवं होतं, जत्रेतलं खेळणं हातचं गेल्यागत केलंन.

त्याचं हेच मला आधी समजत नव्हतं. चोर म्हणावं तर तो चोर नव्हता. भरतीच्या आत मालक आला तर एक शब्द न बोलता वस्तू द्यायचा. छत्रीसुद्धा आप्पांनी मागितली की वापरायला द्यायचा, फक्त "जाताना ठेवून जा" एवढं बजावायचा. पण भरती उलटून गेल्यावर कोणी परत मागायला आलं की हा गडी नुसता पांढराफटक पडायचा. माझं जोडवं ते केवढं, पण त्या दिवशी मी दिसेनाशी होईपर्यंत तो शेळीपुढून हलला नव्हता.

कारण सगळ्या वाडीला ठाऊक होतं, मला सांगायचं मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. धाकू स्वतःच गावलेला होता.

त्याला वाढवणारी गंगुबाई तरुणपणीच विधवा झालेली. नवरा पडावावर समुद्रात गेला तो आलाच नाही. मूलबाळ नाही. एका माघात ती हेदवीच्या गणपतीच्या उत्सवाला गेली, ती परत आली तेव्हा कडेवर दोन वर्षांचा पोरगा. कोणाचा, कुठला, काही ठाऊक नाही. वाडीतली पोरं त्याला 'गावलेला, गावलेला' म्हणून चिडवायची, तेव्हा गंगुबाईने त्याला ते वाक्य शिकवलं. जा, त्यांना सांग, गावला तेचा, रडला तेचा नाय. पोराने ते सांगितलं आणि त्या दिवसापासून ते धरून बसला. जगात एक वस्तू जरी भरती उलटल्यावर मालकाकडे परत गेली, तर उद्या आपल्यालाही कोणी न्यायला येईल, असा त्याचा हिशेब. हे कळल्यावर मला राग धरवेना, पण जोडवंही सोडवेना. चांदीचं होतं.

आणि एकतीस साली त्याला न्यायला खरंच कोणीतरी आलं.

त्याला कारण झाला धाकूचा कान. धाकूला काही गावलं, की त्याचा डावा कान आपोआप हलायचा. उजवा जागच्या जागी, डावा मात्र शेळीसारखा. मिरकरवाड्याला तो गावलेला दोरखंड विकायला गेला होता, तिथे सुकी मासळी घ्यायला आलेल्या मंडणगडकडच्या एका माणसाने तो कान बघितला. त्याच्या गावात एका घराण्यात बापजाद्यांपासून असाच डावा कान हलायचा. त्याने गावी जाऊन सांगितलं, आणि चार-आठ दिवसांत त्या घराण्यातला आत्माराम आमच्या वाडीत हजर झाला.

म्हातारा काळाकभिन्न, काटक, डोक्याला पंचा, पायांत डोंगरातल्या जाड वहाणा. कोळशाच्या भट्ट्या लावायचा. समुद्र त्याने जन्मात दोनदाच पाहिला होता आणि दोन्ही वेळा त्याला आवडला नव्हता, म्हणून तो समुद्राकडे पाठ करून चालायचा. तसाच पाठमोरा तो धाकूच्या दाराशी पोचला आणि त्या उलट्या भिंगातून त्याने आत बघितलं. धाकू जेवत होता. त्याला कोणीतरी बघतंय असं वाटलं, त्याने वर पाहिलं. भिंगात एक म्हातारा चेहरा आणि त्याचा हलणारा डावा कान. धाकूच्या हातातला घास ताटात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे पंच बसले. सगळी वाडी लोटली. त्यातले निम्मेअधिक आत्मारामाच्या बाजूचे, आणि ते काही दयेपोटी नव्हे. धाकूच परत मालकाकडे गेला, तर कोंबडीही परत, छत्रीही परत, जोडवंही परत. मीही त्याच बाजूला बसले होते. का नाही बसायचं?

आप्पा गावकर मुख्य पंच. ऊन चढलं म्हणून धाकूनेच त्यांना छत्री दिली. तिच्या सावलीत बसून त्यांनी न्याय सुरू केला.

"हेदवीच्या गणपतीला नवस केला, तवा पोर झाला," आत्माराम म्हणाला. "नवस फेडायला गेलो, तर देवाच्याच दारात हरवला. चार दिवस रानात शोधला. म्हटला, वाघाने नेला."

"रानात?" गंगुबाईने विचारलं. "आणि काठावर?"

"काठावर कशाला? आमी डोंगरातली माणसा. पोर हरवला की वर बघतो."

"आणि आमी खाली बघतो," गंगुबाई म्हणाली. मग ती आप्पांकडे वळली. "पोर पाण्याजवळ एकटा बसला होता. मी शेजारी दगड ठेवला. देवाशपथ ठेवला. भरती आली, पाणी लागला तसा पोराला कडेवर घेतला, दगड पाण्यात गेला, तरी तितंच उभी राहिले. भरती उतरली. कोण आला नाय. मग म्हटला, आता माझा."

तो डोंगर चढत होता आणि ही गुडघाभर पाण्यात त्याच्याच पोराला घेऊन उभी होती, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसलं.

आप्पांनी धाकूला विचारलं, "तुझा काय म्हणणा?"

"माझा कशाला विचारता?" धाकू म्हणाला. "दगड ठेवल्यावर नारळाला विचारतात काय?"

आता आप्पा अडले. एकीकडे रक्त, दुसरीकडे रीत. तेव्हा कोंबडीवाली सगुणा पुढे झाली. "आप्पानू, धाकू सगळ्यांना काय सांगतो? गावला तेचा, रडला तेचा नाय. अर्धा म्हणणा धरलात, मग अर्धा का सोडता?"

आप्पांना बुडत्याला काडी मिळावी तसं झालं. त्यांनी छत्री मिटून जमिनीवर आपटली आणि निकाल दिला. दोघांनी समोरासमोर बसायचं. जो आधी रडेल, त्याचा धाकू नाही.

असला न्याय ना पूर्वी कोणी ऐकला होता ना पुढे ऐकला. पण वाडीला तो फार पटला. गंगुबाई आणि आत्माराम पायरीच्या दोन बाजूंना बसले आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघू लागले. लोकांनी कामधंदे सोडले. रामा भंडारी गंगुबाईच्या बाजूचा. तो आत्मारामापुढे जाऊन मेलेल्या बैलाच्या आठवणी काढू लागला, आणि त्या काढता काढता स्वतःच ढसाढसा रडला. बैल त्याचाच होता. आमच्या बाजूने कोणी कांदे आणून गंगुबाईपुढे चिरले. तिने ते चिरताना बघितले आणि म्हणाली, "बारीक चिर, असा जाडा नाय चिरत."

शेवटी सगुणाने शेगडी पेटवली, तीवर सुक्या मिरच्या टाकल्या आणि धूर गंगुबाईकडे जाईल अशी मांडली. तिने एवढंच ध्यानात घेतलं नाही की दुपार झाली होती. दुपारी आमच्याकडे वारा फिरतो, समुद्राकडून येतो. तो फिरला आणि मिरचीचा लोट सगळ्या पंचायतीवर आला. आप्पा, पंच, बायका, म्हातारे, देवळाचा गुरव, सगळे नाकाडोळ्यांतून पाणी गाळत पळाले. मी पळाले, सगुणाही पळाली. धूर निवळल्यावर परत येऊन बघतो तर ती दोघं तशीच बसलेली, डोळे कोरडे ठणठणीत. एक जन्मभर उकड्या तांदळाच्या चुलीपुढे बसलेली, दुसरा जन्मभर कोळशाच्या भट्टीपुढे. त्यांना धुराचं काय कौतुक!

त्यांच्या पायाशी धाकू बसला होता. तो पळाला नव्हता. त्याच्या गालांवरून धारा लागल्या होत्या, आणि त्या मिरचीच्या नव्हत्या.

आप्पांनी डोळे पुसत निकाल सांगितला. सगळी वाडी रडली, तेव्हा वाडीचा धाकूवर काही हक्क नाही. धाकू रडला, तेव्हा धाकू धाकूचाही नाही. राहिलं कोण? ही दोघं. पैकी एक रडेपर्यंत निकाल राखून ठेवला आहे. "जाताना छत्री ठेवा," धाकू हुंदके देत म्हणाला.

आत्मारामाने गावी परत जावं आणि निकाल लागला की त्याला कळवावं, असं सगळ्यांचं मत. पण म्हातारा खमक्या. "मी हितून हलतोय आणि ही मागे रडली तर सांगणार कोण?" म्हणाला, आणि धाकूच्या पडवीत त्याने घोंगडी अंथरली. बायको केव्हाच मेलेली, दुसरं मूल झालं नाही, जमीन पुतण्यांनी कसायला घेतलेली. त्याची वाट बघणारं तिथे कोणी नव्हतं, हे त्याने सांगितलं नाही, पण कळायचं ते कळलं.

आणि मग सुरू झाला आमच्या वाडीतला सगळ्यांत लांबलेला खटला. गंगुबाई त्याला दोन्ही वेळा वाढायची, आणि वाढताना त्याच्या डोळ्यांकडे बघायची. तो जेवताना तिच्या डोळ्यांकडे बघायचा. ठसका लागला तरी दोघं तोंड फिरवायची नाहीत, न जाणो, तेवढ्यात दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाणी निसटलं तर. वाडीत लग्न लागलं, पोरगी सासरी निघाली, की बायाबाप्ये सगळे रडायचे. गंगुबाई पदर दातांत धरून आभाळाकडे बघायची आणि आत्माराम माड मोजायला जायचा. आमच्या वाडीत माड किती, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

एका पावसाळ्यात धाकूला ताप भरला. वैद्याने हात टेकले. मी पेज घेऊन गेले तेव्हा त्या भिंगातून आत बघितलं. अंथरुणाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. दोघांनी धाकूचा एकेक हात धरलेला आणि दोघंही मान वर करून आढ्याकडे बघत होती, एकही थेंब खाली पडू नये म्हणून. मी पेज दाराशीच ठेवली आणि घरी येऊन त्या दोघांच्या वाट्याचं रडून घेतलं. माझा काय हक्क जाणार होता? माझा मिरचीतच गेला होता.

धाकू उठला. पण त्याचं गावणं कमी झालं. रस्त्यात काही दिसलं तर वळसा घालून जायचा. मी एकदा मुद्दाम तांब्या त्याच्या वाटेत ठेवला, तर आणून दिलान. मला ते बघवेना. शेळी मेली तेव्हा जोडवं तिच्या करडाच्या गळ्यात बांधलेलं मी पाहिलं आणि काही बोलले नाही.

छत्तीस सालच्या शिमग्यानंतर गंगुबाई गेली. दोन दिवस नुसती पडून होती. शेवटी तिने आत्मारामाला जवळ बोलावलं, त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं आणि म्हणाली, "अजून नाय ना रडलास? मग जप त्याला." तिचे स्वतःचे डोळे तेव्हाही कोरडे होते. अशी बाई मी दुसरी बघितली नाही.

काठालगतच्या मसणवटीत तिला नेलं. धाकूने अग्नी दिला. जाळ वर चढला आणि इतकी वर्षं समुद्राकडे पाठ करून बसलेल्या आत्मारामाने एकदम अशी आरोळी ठोकली की माडावरचे कावळे उडाले. तो जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आता बाजी त्याच्याच हातात होती. समोरची गेली होती, चार घटका कळ काढली असती तर धाकू त्याचा होता. सगळी वाडी बघत राहिली. आप्पा गावकर आता फार थकले होते. छत्री टेकत पुढे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आत्मारामा, निकाल लागला रे. धाकू गंगुचा."

"ठाव हाय," म्हातारा म्हणाला. "तिचाच होता."

घरी येऊन त्याने घोंगडी गुंडाळली, काखोटीला मारली आणि निघाला. पण कुठे निघाला हे त्याचं त्यालाच माहीत नसावं. मंडणगडची वाट डोंगराकडे, आणि हा गेला उतरून काठावर. तिथे वाळूत बसला, पहिल्यांदाच समुद्राकडे तोंड करून. डोळे गळतच होते. इतक्या वर्षांचं साठलेलं, ते थोडंच लगेच संपतं.

धाकू त्याच्यामागून खाली उतरला. आम्ही बायका वर माडांत उभ्या होतो. वाटलं, हाताला धरून उठवेल, नाहीतर वाटेला लावेल. तो म्हाताऱ्याजवळ गेलाच नाही. इकडे तिकडे वाळूत काहीतरी शोधत फिरला. मग खडपाकडे गेला आणि एक चांगला दोन हातांत मावेल एवढा काळा दगड घेऊन आला. तो त्याने आत्मारामाच्या शेजारी ठेवला, आणि पलीकडे उकिडवा बसला.

सगुणा माझ्या कानाशी म्हणाली, "ह्याचा काय चाललाय?"

"गप," मी म्हटलं. "भरती लागली आहे."

पाणी चढत आलं. आत्मारामाच्या वहाणा भिजल्या, घोंगडीचं टोक भिजलं. तो घाबरून उठायला गेला, तसं धाकूने त्याला दंडाला धरून आणखी वर घेतलं, दगडही वर घेतला, आणि दोघं पुन्हा बसले. मधून मधून धाकू मान वळवून डोंगराच्या वाटेकडे बघायचा. खरंच बघायचा. मालक आला असता तर त्याने दिलं असतं. मी गणपतीला हात जोडले की आता मंडणगडहून कोणी पुतण्या-बितण्या उपटू नये.

ऊन कललं. पाणी उतरायला लागलं, ओली वाळू उघडी पडली. वाटेवर कोणी आलं नाही.

धाकू उठला, अंगाची वाळू झटकली. म्हाताऱ्याची घोंगडी पिळून स्वतःच्या खांद्यावर टाकली.

"चला, बाबा," तो म्हणाला. "भरती होऊन गेली."

मी वरून बघत होते. त्याचा डावा कान हलत होता.